नेहमीसारखं राहा

"आई, आज गीझर लागला नाही का?" हिमांशूनं पुण्याहून विचारलं आणि भानुमतीबाईंनी हातातला कप बशीवर ठेवला. प्रश्न साधा होता, आवाजही साधाच. ऑफिसला निघताना मोजे चढवत बोलणाऱ्या माणसाचा. बाहेर सिडकोतली गल्ली अजून पुरती तापलेली नव्हती, समोरच्या नव्या इमारतीवरचे मजूर आत्ता कुठे परांचीवर चढत होते, आणि इतक्यात पुण्यात बसलेल्या माणसाला बाईंच्या न्हाणीघरातली एक गोष्ट ठाऊक झालेली होती. "उन्हाळ्यात कसला गीझर," त्या म्हणाल्या, "टाकीतल्या पाण्यानंच चटका बसतो." "नाही, मागचे दोन आठवडे रोज लागत होता ना, म्हणून विचारलं. आज ते नेहमीपेक्षा कमी दाखवतंय. बरी आहेस ना?" "बरी आहे." फोन ठेवल्यावर त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, न्हाणीघरात गेल्या, गीझरचं बटण दाबलं आणि लागलेल्या लाल दिव्याकडे बघत दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. आंघोळ तर मघाशीच झाली होती.

घरातली वीज मोजून पुण्याला दाखवणारं ते यंत्र बसवायला बद्रीनाथ आला तेव्हा मार्च सरत होता. वरच्या मजल्याचं वायरिंग त्यानंच केलेलं, तेव्हा त्याचे केस काळे होते. "काकू, मेन बंद करतो," असं म्हणून त्यानं दांडी खाली ओढली, आणि घरातून काहीतरी निघून गेलं. फ्रिज थांबला होता. इतकी वर्षं तो आवाज चालू होता हे बाईंना तो थांबल्यावर कळलं. आणि मग दुसरी एक गोष्ट कळली, की यजमान, लक्ष्मणराव, गेले त्या दिवशीही घर इतकं गप्प झालं नव्हतं. बद्रीनाथनं मीटरकडून येणाऱ्या तारेला एक काळा चिमटा बसवला, त्याची शेपटी साबणाच्या वडीएवढ्या डबीत खोचली, आणि दांडी वर केली. हिमांशू फोनच्या पडद्यावर होताच. "आता सगळं लाव, आई. पंखे, टीव्ही, सगळं." बाईंनी लावलं. घर घुमायला लागलं, आणि यंत्राचा आकडा शून्य. बद्रीनाथनं डबी ठोकून बघितली. पुन्हा शून्य. शेवटी हिमांशूच म्हणाला, "बद्रीकाका, चिमट्यात दोन्ही तारा घेतल्यात का? जाणारी आणि परत येणारी? त्या एकमेकींना खोडतात." "घेतल्या की," बद्रीनाथ हसला, "म्हटलं एकीला कशाला सोडायचं." तो पुन्हा स्टुलावर चढला. मधल्या त्या वेळात बाई दिवाणखान्यात उभ्या होत्या. सगळे पंखे फिरत होते, दिवसाढवळ्या ट्यूबा जळत होत्या, टीव्हीवर कुणीतरी हातवारे करत होतं, आणि त्या चिमट्याच्या लेखी घरात काहीच घडत नव्हतं. बाईंना त्या शून्याचं फार बरं वाटलं. का, ते त्यांनी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मग यंत्राला वजन शिकवायचं होतं. "काकू, इस्त्री हाय का जुनी? पंखा-फ्रिज कमीजास्त वढतात. इस्त्री तापेपर्यंत एकसारखी वढती. तिच्यावरून काटा जुळवू." इस्त्री लक्ष्मणरावांची होती. ते पाटबंधारे खात्यात होते आणि रविवारी सकाळी आठवड्याचे शर्ट स्वतः इस्त्री करत. बायकोच्या हातची घडी त्यांना पटत नसे. बाईंनी कपाटाच्या वरच्या खणातून ती काढली तेव्हा तिच्या दोरीला अजून सुती कापडाचा, करपल्यासारखा वास होता. बाकी सगळं घर बंद करून फक्त इस्त्री लावली. बद्रीनाथ आपल्या मीटरवरचा आकडा वाचत होता, हिमांशू आपल्याकडचा, आणि दोघं एकमेकांना "थोडं खाली," "अजून जरा," असं सांगत होते. बाईंना जेवणाच्या पाटावरचे लक्ष्मणराव आठवले. खात्यात असेपर्यंत ते रोज रात्री पहिला घास घेण्यापूर्वी जायकवाडीची पातळी सांगत. धरणावरचा माणूस फोन करी, हे आकडा उतरवून घेत, आणि घरी येऊन तो वरणभातावर ठेवल्यासारखा ठेवत. चांगल्या वर्षी त्यांचा आवाज मोकळा असे. दुष्काळाच्या वर्षी ते आकडा सांगून गप्प जेवत, आणि बाई त्यांच्या ताटाकडे बघून किती वाढायचं ते ठरवत. इतक्या वर्षांत ते धरणावर फारसे गेलेच नाहीत. पाणी कसं आहे हे त्यांना न बघता कळायचं, आणि त्यातच त्यांचा मान होता. मुलात ते उतरलं आहे, असं बाईंना इस्त्रीचा लाल ठिपका बघताना वाटलं, आणि त्यात कौतुकापेक्षा थकवाच जास्त होता.

त्यानंतर एकेक वस्तू लावून तिचं नाव घालायचं. मिक्सर. गीझर. फ्रिज. दिवाणखान्यातला पंखा. पाण्याची मोटर लावताच हिमांशूनं पडद्यावर दाखवलेली रेषा अशी उसळली की बद्रीनाथ म्हणाला, "ही आली बघा घराची मालकीण." "आणि गॅस?" बाईंनी विचारलं. "गॅस त्याला दिसत नाही, आई." म्हणजे वरण दिसत नव्हतं, कणीक दिसत नव्हती, देवापुढचं निरांजन, दुपारी चष्मा लावून वाचलेली दोन पानं, काही दिसत नव्हतं. "आता पंधरा दिवस ते तुझी सवय शिकेल," हिमांशू म्हणाला. "तू काही वेगळं करायचं नाहीस. नेहमीसारखं राहा, बस." आणि मग जरा थांबून, पडद्यावर बाजूला बघत (तिकडे चारुता, सूनबाई, असणार) तो म्हणाला, "पण नंतर सारखं कमी दिसायला लागलं ना आई, तर मग तू इकडं यायचं. हे आपलं ठरलंय." ठरलं होतं खरं. संक्रांतीच्या सुमारास बाईंना न्हाणीघरात चक्कर आली होती, डोक्याला लागलं नव्हतं, पण खाली बसलेल्या त्या बराच वेळ उठल्या नव्हत्या, आणि शेजारच्या मनकर्णाबाईंनी ते फोनवर सांगितलं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली त्यांच्यासाठी रिकामी ठेवलेली होती. सातव्या मजल्यावर, स्वच्छ, खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसणारी. बाईंना ती खोली नको होती. याहून मोठं कारण त्यांच्याकडे नव्हतं, आणि एवढंसं कारण मुलापुढे ठेवायचं कसं, ते त्यांना सुचत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या पायरीवर बसल्या आणि आपण नेहमी कशा राहतो ते आठवू लागल्या. पहाटे उठायचं, गॅसवर चहा. टाकीतल्या पाण्यानं आंघोळ, अर्ध्या बादलीत, कारण नळाला पाणी कधी आठव्या दिवशी, कधी दहाव्या. कुकर एकदाच. दुपारी मागच्या दाराशी फरशी गार असते तिथं उशाला हात घेऊन पडायचं. पंख्याच्या आवाजानं त्यांचं डोकं धरायचं. ऊन उतरलं की पायरी. दिवेलागणीला निरांजन, आणि त्याच उजेडात जेवण. बारा-बारा तास वीज जाण्याच्या वर्षांत लागलेली ती सवय पुढे वीज आली तरी गेली नाही. तक्रार कशाची नव्हती. पण हे सगळं रेषेत काढलं तर? त्यांच्या डोळ्यांपुढे ती रेषा आली. फ्रिजच्या श्वासाएवढी वर, तेवढीच खाली, दिवसभर, आणि आठवड्यातून एकदा मोटर. त्या रेषेत कुणी राहत होतं असं कुणाला वाटलं नसतं. बाई उठल्या, आत गेल्या, आणि दिवाणखान्यातली ट्यूब लावली. मग स्वयंपाकघरातली. मग टीव्ही.

पंधरा दिवस त्यांनी नोकरीसारखे काढले. सकाळी गीझर, पण गरम पाणी अंगावर घेववेना आणि नळ सोडून वाया घालवायची छाती नव्हती, म्हणून ते बादलीत काढून झाकून ठेवायचं आणि निवलं की आंघोळ करायची. मग मिक्सर. त्यात घालायला रोज काहीतरी हवं, म्हणून शेंगदाणे. दुपारी पंखा, तो फिरत असताना आपण मागच्या खोलीत. टीव्हीसमोर खुर्ची, खुर्ची रिकामी. एकच साडी इतक्या वेळा इस्त्री झाली की तिचा काठ चकाकायला लागला. शेंगदाण्याचं कूट मात्र साठत गेलं आणि कुंपणावरून मनकर्णाबाईंकडे जाऊ लागलं. मनकर्णाबाई अजिंठ्याकडच्या. तिकडे त्यांची शेती होती, दीर बघायचे. मुलगा वाळूजला कंपनीत, म्हणून त्या इथं. वाटी हातात घेऊन त्यांनी एकदा बाईंकडे नीट बघितलं. "काकू, एक सांगू का, राग नका येऊ देऊ. लगीन-बिगीन हाय का तुमच्याकडं? इतकं कूट तर आमच्याकडं जावळालाबी नाय होत." बाईंनी त्यांना सांगून टाकलं. मनकर्णाबाई आधी खळखळून हसल्या, मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आन् मग माझी घरघंटी आणून ठिवते की तुमच्याकडं! दळण माझं, गाजावाजा तुमचा. पोराला म्हणावं, तुझी माय पैलवान झाली." बाईही हसल्या. हसून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे आपण मनावर घेऊन, घरघंटी कुठं ठेवता येईल याचा विचार करतो आहोत.

हिमांशू खूश होता. "आई, दिवस मस्त दिसतोय तुझा," तो फोनवर म्हणायचा. "सकाळी कशी चढते रेषा, परत दुपारी, परत संध्याकाळी. बाबा गेल्यावर पहिल्यांदा वाटतंय की तू नीट खातेपितेस." चारुताही मध्येच फोन घेऊन म्हणाली, "आई, हा रात्री झोपायला लागलाय हो आता. नाहीतर उठून उठून बसायचा." बाईंना यातलं काहीच अपेक्षित नव्हतं. मूल पाळण्यात असताना ते झोपावं म्हणून आपण श्वास रोखून बसायचो ते त्यांना आठवलं, आणि मिक्सरचं भांडं धुता धुता त्यांचे हात थांबले. खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. पण आपल्यापेक्षा ती रेषा त्याची आई जास्त नीट झाली आहे, असं काहीसं वाटत होतं, आणि त्या रेषेतल्या बाईचा किंचित हेवाही.

त्यांचा हिशेब चुकला तो इथं. त्यांना वाटलं होतं ही परीक्षा आहे. पंधरा दिवस रेटायचे, पास व्हायचं, मग पुस्तकं बांधून माळ्यावर. यंत्राचं शिकणं संपल्याचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पहाटे अंधारातच उठल्या, गीझरला हात लावला नाही, टाकीतलं पाणी अंगावर घेतलं आणि कित्येक दिवसांनी आंघोळ केल्यासारखं त्यांना वाटलं. आणि मग हिमांशूचा तो गीझरबद्दलचा फोन आला. त्या लाल दिव्यासमोर उभ्या असताना त्यांना समजलं की यंत्र शिकलं होतं ते त्यांना नव्हे. ते शिकलं होतं त्या दुसऱ्या बाईला, जी गरम पाण्यानं नाहायची, टीव्ही बघायची, कूट करायची. आणि आता यापुढे रोज, मरेपर्यंत, तिला जिवंत ठेवायचं काम यांच्याकडे होतं. एक दिवस ती कमी पडली की सातव्या मजल्यावरची खोली.

एप्रिल गेला. धरणाचं पाणी कुठवर आलं ते पेपरात पहिल्या पानावर येऊ लागलं. समोरच्या इमारतीनं बोअर घेतला, रात्रंदिवस त्याची घरघर, आणि गल्लीतले दोन जुने बोअर आटले. बाई गीझर लावत होत्या, मिक्सर फिरवत होत्या. गुडघे दुखत होते, पण त्यापेक्षा मेंदूच्या मागे कुठेतरी एक जागा दुखत होती, जी सतत पुढची वस्तू आठवत असायची. चहा पिताना पंखा. पंख्याखाली इस्त्री. जेवताना भूक कधी लागली होती हे आठवेना. जेवणही आता त्या यादीतलंच एक काम झालं होतं, तेही न दिसणारं. मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस नळाला पाणी उजाडायच्या आधी आलं. "काकू! ओ काकू! पाणी आलं, मोटर लावा, लवकर!" मनकर्णाबाईंची हाक कुंपणावरून आली. बाईंनी मोटर लावली, टाकी भरली, पिंप भरलं, हंडे, कळशा, शेवटी भगोणी. धार करंगळीएवढी झाली, मग फुसफुसली, थांबली. बाई मागच्या दाराशी ओल्या फरशीवर जरा टेकल्या. साडीचा काठ ओला होता, पाठीखाली गारवा होता. पाच मिनिटं, असं त्या स्वतःला म्हणाल्या.

त्या उठल्या ते दार धडधडल्यामुळे. ऊन कलायला आलं होतं. मनकर्णाबाई मागच्या दारातून आत घुसल्या, बाईंना फरशीवरून उठताना बघून मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. "काय हो काकू! जीव गेला असता माझा. तुमचा फोन वाजून वाजून बंद पडला. हिमांशूचा माझ्यावर फोन, बघा म्हणे, घर बंद पडलंय. मी म्हटलं घर कसं बंद पडंल? घर हाय तिथंच हाय. आन् इथं बघते तर तुम्ही आडव्या!" "झोप लागली होती," बाई म्हणाल्या. त्यांनी आपले हात बघितले. अंगात हलकेपणा होता. इतकी झोप त्यांना कित्येक महिन्यांत लागली नव्हती, आणि ते त्या मोठ्यानं बोलूनही गेल्या. "आता सांगा त्याला," मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तो निघालाय गाडी घेऊन. नगरच्या पुढं आला म्हणे."

हिमांशू आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. दारात उभा राहून त्यानं आईकडे बघितलं, खिशातला फोन काढून त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा आईकडे. जणू दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरेना. कानशिलाजवळ केस पांढरे झालेले बाईंना प्रथमच दिसले. फोनमध्ये ते दिसत नसत. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि तो पीत असतानाच सगळं सांगून टाकलं. गीझर, बादली, रिकामी खुर्ची, कूट. त्यानं रिकामा पेला खाली ठेवला. शेवटी म्हणाला, "म्हणजे ते सगळं..." "ते सगळं तुझ्यासाठी. माझं काय ते उद्या दाखवते." दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी एकही बटण दाबलं नाही. तो त्यांच्या मागून फिरला, मग खुर्चीवर बसला, मग खुर्चीवरून उठून आईशेजारी फरशीवर आला. दुपारी दोघं मागच्या दाराशी पडून राहिले. ऊन दाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. हिमांशू छताकडे बघत म्हणाला, "आई, तू अशी राहतेस?" "हो." "एकटी, अंधारात, काही न लावता." "अंधार कुठं आहे?" त्यानं फोन उघडला. त्याच्या हातातल्या पडद्यावर रेषा जमिनीलगत सरपटत होती, आणि बाईंना त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की खरं बघून तो सुटला नाही, आणखी अडकला. "चल ना पुण्याला," तो म्हणाला. अट म्हणून नव्हे, आर्जवानं. आणि त्याला नकार देणं म्हणून जास्त कठीण होतं. "नाही रे," बाई म्हणाल्या. आत्तापर्यंत हा शब्द त्यांनी या बाबतीत उच्चारला नव्हता. तो उच्चारल्यावर काही कोसळलं नाही. "तू पडलीस तर?" "पडेन कधीतरी." "आणि मला कळणारच नाही." "हे यंत्र असून काल काय कळलं तुला? मी झोपले होते."

तो उठून बसला. गुडघ्यांवर कोपरं टेकून, अगदी लक्ष्मणरावांसारखा. "मग मला काय दिसायला हवं? तूच सांग. काहीच नको असं नको म्हणूस, मला ते जमायचं नाही. मी दर तासाला बघतो आई, मीटिंगमध्ये टेबलाखाली बघतो. मीही दमलोय." बाईंनी विचार केला. असं काहीतरी, जे त्यांच्या हातून रोज होईल आणि ज्यासाठी दुसरी बाई व्हावं लागणार नाही. "दारावरचा दिवा," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला लावत जाईन. तेवढाच." "ठीक. तो लागला नाही तर मला मेसेज येईल असं..." "ते नको. त्यानं वाजायचं नाही. बघायचं असेल तर तू आठवण ठेवून बघायचंस." तो मान खाली घालून फोनवर एकेक गोष्ट काढून टाकू लागला, गीझर गेला, मिक्सर गेला, पंखा गेला. "आणि पुणं?" बाईंनी विचारलं. "तू म्हणशील तेव्हा," तो म्हणाला, मान वर न करता.

तो गेल्यावर काही दिवस दिवा वेळेवर लागला. निरांजन झालं की बाई बाहेर येत, बटण दाबत, आणि त्या क्षणी पुण्यात कुठेतरी एक माणूस खांदे सैल सोडतो आहे असं त्यांना जाणवे. मग जूनमध्ये, ढग नुसते येऊन जात होते तेव्हाच्या एका संध्याकाळी, त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. कारण काही नव्हतं. त्या पायरीवर येऊन बसल्या, फोन मांडीवर. समोरच्या इमारतीत, जिथं अजून खिडक्या बसलेल्या नव्हत्या, मजुरांच्या बायकांनी चुली पेटवल्या. आता वाजेल, असं वाटत राहिलं. जिन्यात असेल. गाडीत असेल. चारुतानं भाजी आणायला सांगितली असेल. अंधार दाटला, मग कुंपण दिसेनासं झालं, मग स्वतःच्या पायांची बोटं. फोन वाजला नाही. हिमांशू बघत नव्हता. बाईंना आधी राग आला, चांगलाच. आपण नेमक्या कशावर रागावलो आहोत ते त्यांनी शांतपणे तपासलं, आणि त्यांना दिसलं की मागितलं होतं ते हेच, आणि ते मिळालेलं आहे. तो जिथं असेल तिथं, आईला विसरून, काहीतरी करत होता. राग जायला वेळ लागला. तो गेल्यावर त्याच्या जागी जे उरलं ते काय आहे हे त्यांना लगेच ओळखू येईना, मग ओळखलं. भूक होती. पोटात, सरळ, लहानपणी लागायची तशी. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, अंधारात सवयीनं वाट काढत आत गेल्या, टोपल्यातली दुपारची पोळी काढली, तिच्यावर तेल-तिखट घातलं आणि ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ली. मग दुसरी घेतली. दारावरचा दिवा लावायचा त्या विसरल्या.